समुद्राकडची गॅलरी, शेजाऱ्याची नजर

जांब समर्थपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरच्या पलीकडे. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं हे गाव ऊस, कापूस आणि मोसंबीच्या पट्ट्यातलं. शके १५३०, म्हणजे इसवी सन १६०८ च्या रामनवमीला ठोसरांच्या घरात नारायण जन्मला, पुढे तो समर्थ रामदास झाला, आणि गावाच्या नावाला ‘समर्थ’ जोडलं गेलं. इथल्या माणसाचा पाण्याशी संबंध विहिरीचा, कालव्याचा आणि टँकरचा. बोट पाहायची तर टीव्हीवर.

पण गेल्या काही वर्षांत क्रूझ इथल्या ओट्यांवरच्या गप्पांत आली आहे. पोरं पुण्यात, हिंजवडीत नोकरीला. आईवडिलांनी काशी, रामेश्वर, फार तर दुबई केलेली. पोरगा म्हणतो, या वेळी बोटीवर जा. डिसेंबर २०२३ पासून जालन्याहून वंदे भारत मिळते, सकाळी बसा, त्याच दिवशी मुंबईत. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करते. टूर कंपन्यांच्या रंगीत पुस्तिका तर घनसावंगीच्या झेरॉक्सच्या दुकानातही दिसतात.

अशीच एक पुस्तिका आमच्या आत्याच्या हातात पडली. फोटोत एक बाई पांढऱ्या गाऊनमध्ये, हातात कप, पुढे कठडा आणि कठड्यापुढे निळं पाणी. आत्यानं बराच वेळ फोटो न्याहाळला आणि विचारलं, “का रे, या गॅलरीत मी न्हाऊन केस वाळवत बसले, तर बाजूच्याला दिसंल का?”

“मध्ये पार्टिशन असतं आत्या.”

“आन वरच्याला?”

शेजारी बसलेले मामा हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. बोटीच्या खोल्या ज्या दरानं विकल्या जातात त्यात सगळ्यात मोठी उडी या गॅलरीपाशी येते. बिनखिडकीची आतली खोली स्वस्त, समुद्र दिसणारी बंद काचेची खिडकी थोडी महाग, गॅलरीवाली त्याहून महाग, आणि त्यावर सुइट. पैसे समुद्र दिसण्याचे असतात तसेच आपण कुणाला दिसू नये याचेही असतात. दुसऱ्या गोष्टीची हमी पुस्तिकेत कुठेच लिहिलेली नसते. ती कितपत मिळते, कोणत्या दिशेनं मिळते आणि कुणाला मिळते, याचा शोध घ्यायचा तर सुरुवात बोटीपासून नाही, माळवदापासून करावी लागते.

माळवदावरचा कायदा

मराठवाड्यातली जुनी घरं माळवदी. जाड भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर किलच्या आणि पांढऱ्या मातीचा थर. छप्पर सपाट. उन्हाळ्यात त्याच्यावर झोपायचं, पापड-कुरडया वाळवायच्या, पावसाळ्याआधी मातीचा नवा थर द्यायचा. घरं एकमेकांना खेटून असल्यानं एका माळवदावर चढलं की दोन-तीन घरांचे चौक पायाखाली. चौकात न्हाणी, न्हाणीला बहुधा कुडाचा नाहीतर गोणपाटाचा आडोसा, वर आभाळ. म्हणजे आत्याचा दुसरा प्रश्न, “आन वरच्याला?”, हा तिच्या घरातल्या अनुभवाचाच होता.

त्यावर तोडगा भिंतीचा नव्हता. भिंत उंचावणं परवडायचं नाही आणि वारा अडायचा. तोडगा रीतीचा होता. वर चढणाऱ्यानं आधी खाकरायचं, नाहीतर हाक द्यायची. दिवसा माळवदावर काम असेल तर शेजारच्या घरी आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. पुरुषमाणूस ओसरीवरून माजघराकडे वळतानाही खाकरूनच वळायचा. चढलेला माणूस खाली पाहत नाही असं गृहीत धरलं जायचं, आणि जो पाहायचा त्याचं नाव गावात खराब व्हायचं. सगळी जबाबदारी पाहू शकणाऱ्यावर होती. न्हाणाऱ्या बाईनं वर पाहत राहायचं नव्हतं.

या रीतीचे गोडवे गाताना तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ही सोय ज्यांना चौक आणि न्हाणी होती त्यांची. वस्तीवरच्या एका खोलीच्या घरांत न्हाणीच नव्हती. आणि शौचाच्या बाबतीत तर बहुतेक सगळ्याच घरच्या बायकांना अंधार हाच आडोसा होता. पहाटे उजाडायच्या आत किंवा दिवेलागणीनंतर जायचं, रस्त्यावर गाडीचा उजेड पडला की उठून उभं राहायचं. हागणदारीमुक्तीची मोहीम गावोगाव पोचली तेव्हा मराठवाड्यातल्या बायकांनी तिच्याकडे स्वच्छतेपेक्षा आडोशाची गोष्ट म्हणून पाहिलं. एकांत ही शहरी चैन आहे असं म्हणणाऱ्यानं एकदा त्या वाटेवर पहाटे उभं राहून पाहावं. आणि समर्थांच्या बालपणाची जी कथा जांबेत प्रत्येक पोराला ऐकवली जाते तीसुद्धा एकांताचीच आहे: नारायण सापडेना, शेवटी आई राणूबाईंना तो अडगळीच्या अंधाऱ्या खोलीत सापडला, आणि इथं काय करतोस म्हटल्यावर जगाची काळजी वाहतोय असं उत्तर मिळालं. भरल्या घरात पोराला एकटं बसायला अडगळीखेरीज जागा नव्हती.

शेजाऱ्याच्या नजरेची ही रीत इंग्रजांच्या कायद्यालाही मान्य करावी लागली. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात, ज्याला वकील मंडळी ईझमेंट्स अॅक्ट म्हणतात, रूढीनं मिळणाऱ्या हक्कांचं कलम १८ आहे. त्याखाली समजावून सांगायला दिलेल्या उदाहरणांपैकी एक थेट या विषयावरचं: एखाद्या शहरात अशी रूढी असेल, की शेजाऱ्याचा एकांत मोडेल अशी नवी खिडकी कुणी पाडायची नाही, आणि कुणी ती पाडली, तर शेजाऱ्याला दाद मागता येते. १८८८ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे गोकल प्रसाद विरुद्ध राधो हा खटला आला. शेजाऱ्यानं नवं घर बांधलं, त्याच्या व्हरांड्यातून आणि दारांमधून आपल्या घरातल्या बायकांचा वावर दिसतो अशी तक्रार. एकांताचा हा रूढीचा हक्क न्यायालयानं मान्य केला. म्हणजे गॅलरीतून होणाऱ्या नजरेच्या त्रासावर आपल्याकडे सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीचा न्यायनिवाडा आहे. आणि त्यातही जबाबदारी कुणाची? ज्यानं नवा व्हरांडा काढला त्याची.

डेकवरची सतरंजी

मराठी माणसाला बोटीवर एकांत मिळावा ही कल्पना तशी अगदी अलीकडची. कोकणच्या आगबोटींवर आडोसा वगैरे भानगड नव्हतीच. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीत खालचा डेक आणि वरचा डेक, जागा पकडून सतरंजी पसरायची, ट्रंकेला डोकं टेकायचं. सत्तर-ऐंशीच्या दशकात ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’वर गणपतीला गावी गेलेली पिढी अजून आहे. बाळंतीण असो, नवी नवरी असो, लुगड्याचा पदर हाच पडदा.

आमच्या गावच्या समर्थांचं नाव समुद्रावर गेलं तेही अशाच एका बोटीवरून. ‘रामदास’ ही आगबोट १७ जुलै १९४७ च्या सकाळी मुंबईहून रेवसकडे निघाली आणि भर पावसाळी वाऱ्यात बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्याला महिना उरला होता. अलिबाग-रेवसच्या पट्ट्यात अनेक घरांत त्या दिवशीची तिथी अजून पाळली जाते. त्या गर्दीनं भरलेल्या डेकवर एकांत हा शब्द कुणाच्या मनातही आला नसेल, खायचा डबा आणि उभं राहायला जागा एवढीच अपेक्षा.

बोटीवरच्या एकांताची सगळ्यात गाजलेली मराठी घटना मात्र त्याच्याही आधीची, आणि ती सुट्टीची नाही, सुटकेची आहे. ८ जुलै १९१० ला मार्सेयच्या बंदरात ‘मोरिया’ बोटीवर विनायक दामोदर सावरकर कैदी होते. शौचकूपात जाण्याचीही मुभा पहाऱ्यात. दाराला काच, बाहेर शिपाई. चरित्रांत सांगितलं जातं की त्यांनी अंगावरचा गाऊन त्या काचेवर टाकला, नजर अडवली आणि पोर्टहोलमधून समुद्रात उडी घेतली. पकडले गेले, प्रकरण हेगच्या लवादापर्यंत पोचलं, फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल ब्रिटनच्या बाजूनं लागला. राजकारण बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट उरते. बोटीवर कुणाला किती पाहता यावं हे बोट चालवणारा ठरवतो. पाहिला जाणारा फार तर काचेवर कापड टाकू शकतो.

गॅलऱ्यांचा डोंगर

प्रवासी बोटीला खासगी गॅलऱ्या मोठ्या संख्येनं लागल्या त्या १९८० च्या दशकात. १९८४ मध्ये ‘रॉयल प्रिन्सेस’ पाण्यात आली, ब्रिटनच्या युवराज्ञी डायानाच्या हस्ते तिचं नामकरण झालं. तिच्या सगळ्या खोल्या बाहेरच्या बाजूला होत्या आणि बऱ्याचशा खोल्यांना स्वतःची गॅलरी होती. त्याआधी गॅलरी ही एखाद-दुसऱ्या राजेशाही सुइटची गोष्ट. १९९८ ची ‘ग्रँड प्रिन्सेस’ तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी प्रवासी बोट. तिच्यावर सातशेहून अधिक गॅलऱ्या होत्या. तिथून पुढं बिनगॅलरीची बोट जुनाट वाटू लागली. आपल्याकडं आलेली ‘एम्प्रेस’ १९९० ची, त्या लाटेच्या आधीची. म्हणूनच तिच्यावर गॅलरी फक्त मोजक्या महागड्या खोल्यांना आहे, आणि मुंबईहून पहिल्यांदा क्रूझला गेलेल्या बऱ्याच मराठी जोडप्यांनी समुद्र बंद काचेतून पाहिला आहे.

सातशे गॅलऱ्या बोटीच्या दोन बाजूंवर रचायच्या तर त्या एकावर एक सरळ येतात, नाहीतर पायऱ्यापायऱ्यांनी. सरळ रचल्या तर वरची गॅलरी खालचीचं छप्पर होते. सावली पडते, पण वरून कुणी पाहू शकत नाही. पायऱ्यांनी रचल्या तर खालच्या मजल्यावरची गॅलरी पुढे सरकते, ऐसपैस होते, ऊन मिळतं, पण ती वरच्या दोन-तीन मजल्यांसाठी उघडी पडते. ‘ग्रँड प्रिन्सेस’ आणि तिच्या भगिनी बोटींवर ‘डॉल्फिन’ नावाचा जो मजला आहे तिथल्या खोल्या साध्या गॅलरीवाल्या खोल्यांपेक्षा मोठ्या आणि महाग, आणि त्यांच्याच गॅलऱ्यांवर छप्पर नाही. वरच्या मजल्यावर कठड्याला टेकलेल्या माणसाला त्या बशीत वाढल्यासारख्या दिसतात. जास्त पैसे, कमी आडोसा. आत्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे: वरच्याला दिसतं, आणि कधीकधी महाग खोलीतलं जास्त दिसतं.

२००९ मध्ये रॉयल कॅरेबियनच्या ‘ओॲसिस ऑफ द सीज’नं आणखी एक प्रकार आणला. फिनलंडमधल्या तुर्कूत बांधलेली ही बोट इतकी रुंद की मधोमध उघडी बाग सोडली, खरी झाडं लावली, आणि बागेच्या दोन्ही बाजूंनी आतल्या खोल्यांना गॅलऱ्या दिल्या. समुद्राकडे पाठ, समोर बाग आणि बागेपलीकडे समोरच्यांच्या गॅलऱ्या. गिरगाव-परळच्या चाळीत वाढलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. मधला चौक, चारी बाजूंनी गॅलऱ्या, समोरच्याच्या घरात काय शिजतंय ते आपल्याला आणि आपल्या घरात काय भांडण चाललंय ते त्याला माहीत. फरक एवढाच की चाळीतली गॅलरी सगळ्यांची होती आणि ती तशीच वापरली जायची. तिथं कुणी न्हाऊन गाऊनमध्ये कॉफी पीत बसत नसे. बोटीवरची गॅलरी एकट्याची म्हणून विकली जाते आणि सगळ्यांना दिसते.

दोन इंचांची फट

आता पार्टिशन जवळून पाहू. दोन गॅलऱ्यांच्या मधोमध धातूची नाहीतर दुधी काचेची उभी फळी. अनेक बोटींवर ती छतापर्यंत पोचत नाही आणि खाली जमिनीपासूनही थोडी वर असते, पाणी वाहून जावं आणि वारा अडू नये म्हणून. कठड्यापाशी ती कठड्याच्या रेषेत संपते, म्हणून पुढे वाकून पाहिलं की शेजारी दिसतोच. शेजाऱ्याच्या सिगारेटचा धूर, फोनवरचं बोलणं, घोरणं आणि उलटीचा आवाज या फटीतून बिनतिकीट येतात. काही फळ्यांना बिजागरी आणि किल्ली असते. बंदरात धुलाईच्या वेळी खलाशी त्या उघडून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाणी मारत जातात. दोन खोल्या एकाच कुटुंबानं घेतल्या असतील तर विनंती केल्यावर मधली फळी उघडून देतात. सासू-सासरे एका खोलीत, मुलगा-सून दुसऱ्या खोलीत आणि गॅलरी एकत्र, ही सोय मराठी कुटुंबांना मनापासून आवडते. सुनेला आवडते की नाही हे फळी उघडण्याआधी विचारलेलं बरं.

ही फळी कशाची असावी हा प्रश्न एकदा माणसाच्या जिवावर बेतला. २३ मार्च २००६ च्या पहाटे ‘स्टार प्रिन्सेस’ ही बोट सुमारे २,७०० प्रवाशांना घेऊन जमैकाकडे निघाली होती. एका गॅलरीत आग लागली. न विझवता टाकलेली सिगारेट हे तिचं संभाव्य कारण म्हणून ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागानं नोंदवलं. गॅलऱ्यांमधली पार्टिशन्स पॉलिकार्बोनेटची, खालच्या लाद्या आणि खुर्च्या प्लास्टिकच्या. बोटीच्या वेगाचा वारा मिळाला आणि काही मिनिटांत आग वरच्या मजल्यांवर चढली. खोल्यांच्या आत पाणी फवारणारी यंत्रणा होती, गॅलऱ्यांत नव्हती, कारण नियमाच्या लेखी गॅलरी म्हणजे बोटीचा बाहेरचा भाग. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, शेकडो खोल्यांचं नुकसान झालं.

त्यानंतर समुद्रावरच्या सुरक्षेचे जागतिक नियम बदलले. १ जुलै २००८ पासून गॅलऱ्यांमधली फळी न जळणाऱ्या पदार्थाची असावी, आणि गॅलरीतलं फर्निचर सहज पेट घेणारं असेल तर तिथंही आगीची सूचना देणारी आणि पाणी फवारणारी यंत्रणा बसवावी, असं ठरलं. सिगारेटवरही बहुतेक कंपन्यांनी गॅलरीत बंदी घातली. याचा व्यवहारातला अर्थ असा, की गॅलरीत कोण काय ओढतं यावर आता लक्ष ठेवलं जातं. आगीनं आडपडद्याची फळी मजबूत केली आणि त्याच वेळी तिच्या आतली मोकळीक कमी केली.

कॅमेरा, काच आणि किल्ली

लक्ष ठेवणारे आणखीही आहेत. अमेरिकेनं २०१० मध्ये क्रूझवरच्या सुरक्षेचा स्वतंत्र कायदा केला. अमेरिकी बंदरांतून प्रवासी नेणाऱ्या, २५० किंवा जास्त प्रवाशांच्या बोटींना त्यानं अटी घातल्या: कठड्याची उंची किमान ४२ इंच, म्हणजे एक मीटरहून थोडी जास्त, खोलीच्या दाराला बाहेरचं माणूस दिसेल असं छिद्र किंवा तशीच काही सोय, बोटीवर चित्रीकरण, कर्मचाऱ्यांनी प्रवाशांच्या खोलीत कधी जावं याचे लिखित नियम, आणि कुणी समुद्रात पडलं तर लगेच कळावं अशी यंत्रणा, जिथं ती उपलब्ध असेल तिथं. या शेवटच्या अटीचा परिणाम असा की अनेक बोटींच्या बाजूनं खाली रोखलेले कॅमेरे असतात. ते पाण्यात पडणाऱ्यासाठी असतात, पण त्यांच्या चौकटीत कठडेही येऊ शकतात. कठड्यावर टेकलेला माणूस पुलावरच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्यांच्या, पडद्यावर असू शकतो. 

बंदरात गोष्ट वेगळी. मुंबईच्या बॅलार्ड पिअरला बोट लागली की समोर रस्ते, कार्यालयं, क्रेन. दिवसा बाहेरून काचेआडचं फारसं दिसत नाही. रात्री आत दिवा लावला की काचेचा कठडा, काचेचं दार, सगळं दुकानाच्या दर्शनी कपाटासारखं उजळतं. एडनच्या आखातातून जाताना मात्र काही बोटींवर उलट हुकूम निघालेले आहेत: समुद्री चाच्यांच्या धोक्यामुळं रात्री गॅलरीतले दिवे बंद, पडदे ओढलेले. तिथं एकांत सक्तीचा.

मग कुणी मुद्दाम पाहिलं, फोटो काढला, तर? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि त्यातला एक धागा आमच्या विषयाच्या कामाचा: हा हक्क जागेला चिकटलेला नसतो, माणसाला चिकटलेला असतो. पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागायचा असतो. शेजाऱ्याविरुद्ध कामाला येतात ती फौजदारी कलमं. खासगी स्थितीतल्या बाईला चोरून पाहणं किंवा तिचं चित्रण करणं हा २०१३ पासून वेगळा गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये आहे, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं कैद. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई स्त्री-पुरुष कुणाच्याही शरीराच्या खासगी भागाचं संमतीविना चित्रण करणाऱ्याला लागू होतं. दोन्हींत प्रश्न एकच: इथं आपण दिसणार नाही अशी अपेक्षा ठेवणं वाजवी होतं का? छप्पर असलेल्या गॅलरीत वाजवी वाटेल. वरच्या तीन मजल्यांना उघड्या असलेल्या गॅलरीत समोरचा वकील लगेच वर बोट दाखवेल.

त्यात झेंड्याचा गोंधळ. जगातल्या बहुतेक क्रूझ बोटी बहामा, पनामा, माल्टा, बर्म्युडा अशा देशांत नोंदवलेल्या. खुल्या समुद्रात बोटीवर तिच्या झेंड्याच्या देशाचा कायदा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत भारताचा हात पोचू शकतो. भारतीय नागरिकानं परदेशात किंवा बोटीवर गुन्हा केला तर आपली न्याय संहिता त्याच्यामागे जाते. म्हणजे शेजारच्या गॅलरीतला माणूस भारतीय असेल तर पोलिसांकडे जायची एक वाट आहे, परका असेल तर दुसरी, आणि ती लांबची. प्रत्यक्षात पहिली तक्रार बोटीवरच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडेच द्यावी लागते, लेखी, वेळ आणि खोली क्रमांकासह, आणि तिची प्रत मागून घ्यावी लागते. परत आल्यावर बोट सापडत नाही, कागद सापडतो.

पडद्याआडचे ऐंशी चौरस फूट

एवढ्या सगळ्या चर्चेत बोटीवरची निम्मी गोष्ट अजून आलीच नाही. गॅलरीतल्या खुर्च्या पुसणारा, दर सकाळी चादर बदलणारा माणूस कुठं झोपतो?

गोवा आणि कोकणानं बोटींना पिढ्यानपिढ्या माणसं पुरवली. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात. मुंबईत धोबीतलावच्या परिसरात गोव्यातल्या गावागावांचे क्लब होते, त्यांना ‘कूड’ म्हणत. बोट लागेपर्यंत तिथं राहायचं, हॉलमध्ये ओळीनं अंथरुणं आणि प्रत्येकाची एक पेटी. पेटीचं कुलूप एवढाच खासगीपणा. आज क्रूझवर काम करणाऱ्या मराठी-कोंकणी पोरापोरींची स्थिती त्याहून सुधारली आहे, पण किती ते आकड्यांत पाहू. खलाशांच्या हक्कांचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारतानं २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार मालवाहू बोटीवर प्रत्येक खलाशाला स्वतंत्र खोली हवी. प्रवासी बोटींना यातून सूट आहे. तिथं दोघांच्या खोलीला किमान साडेसात चौरस मीटर, म्हणजे सुमारे ऐंशी चौरस फूट. चौघांच्या खोलीला साडेचौदा चौरस मीटर. बिछाना किमान १९८ सेंटिमीटर लांब आणि ८० सेंटिमीटर रुंद.

तुलनेला मुंबईची बीडीडी चाळ घ्या. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या त्या खोल्या १६० चौरस फुटांच्या. ती खोली अपुरी आहे म्हणून आज तिचा पुनर्विकास चालला आहे. नियमानं चार कर्मचाऱ्यांना मिळणारी खोली तिच्याहूनही जराशी लहान भरते. दोघांना मिळते ती तिच्या निम्मी. बऱ्याचशा कर्मचारी-खोल्या पाण्याच्या पातळीजवळ किंवा खाली, बिनखिडकीच्या. खालीवर बिछाने आणि प्रत्येक बिछान्याला एक पडदा. सात-आठ महिन्यांच्या करारात व्हिडिओ कॉलवर बायकोशी बोलायचं ते त्या पडद्याआड, हळू आवाजात, कारण वरच्या बिछान्यावरचा माणूस नुकताच रात्रपाळी करून झोपलेला.

बोटीच्या एका मजल्यावर पार्टिशनच्या दोन इंचांच्या फटीवरून तक्रार होते, आणि तक्रार ऐकून घेणारा स्वतः कापडाच्या पडद्याआड राहतो. तक्रार चुकीची नाही. पैसे दिलेत, आडोसा मागणारच. पण एकाच बोटीवर एकांत किती वेगवेगळ्या मापांनी मिळतो हे गॅलरीतून दिसत नाही.

खाकरायचं कोणी?

आत्याला आता पूर्ण उत्तर देता येतं. खोली घेण्याआधी एजंटकडून मजल्यांचा नकाशा मागायचा आणि तीन प्रश्न विचारायचे. वर लगेच दुसरी गॅलरी आहे का, की मोकळा डेक? गॅलरी सरळ ओळीत आहे, की पुढे सरकलेली? समुद्राकडे आहे, की आतल्या बागेकडे? सगळ्यात आडोशाची गॅलरी बहुधा मधल्या मजल्यांवर, सरळ रांगेत, वर छप्पर असलेली असते, आणि ती सगळ्यात महाग नसते. टोकाला किंवा बोटीच्या मागच्या बाजूला मिळणाऱ्या गॅलऱ्या प्रशस्त, पण मागचे मजले पायऱ्यांनी उतरतात, तिथं वरून दिसतं. रात्री आतला दिवा मालवून मगच पडदा सरकवायचा. केस वाळवायला बसायचंच तर बोट बंदरात नसताना बसायचं. कठड्यापाशी बसायचं नाही, दाराला टेकून बसायचं, तिथं बाजूच्या फळीचा आडोसा पुरा मिळतो.

हे सगळं खरं आणि उपयोगाचं आहे. पण यादी पुन्हा वाचली की एक गोष्ट खटकते. यातली प्रत्येक सूचना पाहिल्या जाणाऱ्याला आहे. पडदा ओढा, दिवा मालवा, मागे सरका, नकाशा पाहा. वरच्या मजल्यावर कठड्याला टेकून खाली मोबाइल रोखणाऱ्याला सूचना कुठेच नाही. माळवदावर उलटं होतं. चढणाऱ्यानं खाकरायचं होतं. १८८८ च्या खटल्यातही चूक नवा व्हरांडा काढणाऱ्याची धरली गेली, चौकात वावरणाऱ्या बायांची नाही. आपण एकांताची जबाबदारी कधी उलट्या बाजूला सरकवली हे कळलंच नाही. सोसायटीच्या टॉवरमध्ये, होमस्टेमध्ये, लॉजवर, सगळीकडे तेच चाललंय. दिसलात तर तुमचा दोष.

बोटीवर एक माणूस मात्र अजून खाकरतो, खोली आवरणारा. तो खोलीसमोर उभा राहून दार वाजवतो, आपण कोण ते सांगतो, थांबतो, पुन्हा वाजवतो आणि मगच किल्ली लावतो. ते त्याच्या प्रशिक्षणाचा भाग आहे, नियमात लिहिलेलं आहे आणि चुकलं तर नोकरी जाते. ज्याच्याकडे सगळ्या खोल्यांची किल्ली आहे त्याच्यावर बंधन घालता आलं, मग ज्याच्याकडे फक्त वरच्या गॅलरीचं तिकीट आहे त्याच्यावर घालायला अडचण कसली? दुसऱ्याच्या गॅलरीचं चित्रण केल्यास पुढच्या बंदरात उतरवलं जाईल, एवढं एक वाक्य तिकिटाच्या अटींत ठळक छापता येईल. गॅलरीत सिगारेट ओढणाऱ्याला दंड करता येतो, तर हेही करता येईल. आणि खाली, ऐंशी चौरस फुटांत राहणाऱ्या दोघांना स्वतंत्र खोली द्यायला करार बदलावा लागेल, तोही माणसांनीच लिहिलेला आहे. मालवाहू बोटीवर जे शक्य झालं ते पंधरा-वीस मजल्यांच्या बोटीवर अशक्य म्हणणं पटत नाही. भाडं थोडं वाढेल. गॅलरीसाठी जास्त पैसे मोजणाऱ्या आपल्यासारख्यांनी ते वाढवून द्यायलाही हरकत नसावी, कारण एकांताची किंमत काय असते हे आपणच तर बुकिंग करताना मान्य केलेलं असतं.